टूं वाजल्यावर बोलावे

माझ्या सासुरवाडीच्या माणसांशी मी आयुष्यात एकदाही उद्धट बोललेलो नाही. जे काही बोललं ते माझ्या आवाजात एक यंत्र बोललं, आणि त्या वेळी मी गच्चीवर कावळे हाकत होतो.

हे मी इतक्या वर्षांनंतरही लग्नामुंजीत लोकांना समजावून सांगत असतो. लोक ऐकून घेतात, मान डोलावतात आणि शेजारच्याला म्हणतात, "हेच ते."

माझी लेक आता पुण्यात मोबाइलची ॲप बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. ॲप उघडल्यावर माणूस कुठे अडतो, कुठे गोंधळतो, कुठे वैतागून ते कायमचं काढून टाकतो, हे पाहून दुरुस्त करायचं तिचं काम. तिच्या म्हणण्याप्रमाणे ॲप चालणार की पडणार हे तिथेच ठरतं. तिला मी हा प्रसंग सांगितला तेव्हा तिने तो लिहून घेतला. मग म्हणाली, "बाबा, नव्या मुलांना शिकवताना हे उदाहरण सांगू का? तुमचं नाव बदलीन." मी हो म्हटलं. (नाव बदलून काही फायदा नाही. रोह्यात ते सगळ्यांना ठाऊक आहे.)

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत कंट्रोल रूममध्ये होतो. समोर दिवे, काटे, बटणं. काही बिघडलं की भोंगा वाजायचा आणि आम्ही भिंतीवर लावलेल्या सूचना वाचून त्याप्रमाणे वागायचो. या नोकरीने माझी एक पक्की समजूत करून दिली होती, की जगात माणसं चुकतात ती केवळ सूचना अपुऱ्या असल्यामुळे. घरातसुद्धा मी पाट्या लावल्या होत्या. मोरीत 'नळ घट्ट बंद करावा' आणि फ्रीजवर 'दार उघडे ठेवून विचार करू नये'. ही दुसरी पाटी माझ्या बायकोला, सुलभाला, उद्देशून होती. तिने त्या पाटीखाली दार उघडं ठेवून विचार करायची सवय लावून घेतली.

त्या उन्हाळ्यात सुलभाने पोह्याचे पापड करून विकायला सुरुवात केली होती. सुलभा पेणची, म्हणजे पापड तिच्या हातातच होते. लहानपणी आई गेली आणि मामीनेच तिला वाढवलं, लाटणंही मामीनेच हातात दिलं. आता शेजारच्या बायका मदतीला यायच्या, पीठ कुटलं जायचं, लाट्या पडायच्या आणि नेमका तेव्हाच फोन वाजायचा. सुलभा तशीच उठून पिठाच्या हाताने फोन घ्यायची. रिसीव्हरच्या भोकांत पीठ बसून वाळायचं. त्यामुळे कोलाडहून बोलणारा माणूस विहिरीतून बोलतोय असं वाटायचं. मी रविवारी टाचणी घेऊन ती भोकं साफ करत बसायचो.

"याला काहीतरी उपाय पाहिजे," मी म्हणालो.

"मला दुसरे दोन हात फुटले की बघू," सुलभा म्हणाली.

उपाय माझ्या शिफ्टमधल्या नजीरने आणला. त्याचा भाऊ कुवेतला असायचा. त्याने सुट्टीवर येताना फोनला जोडायचं एक यंत्र आणलं होतं. कोणी उचलला नाही की ते स्वतःच फोन घ्यायचं, आपण आधी बोलून ठेवलेली सूचना ऐकवायचं, मग 'टूं' असा आवाज करून समोरच्याचं बोलणं टेपवर घ्यायचं. नजीरच्या घरी ते कोणाला नको होतं. मी ते छातीशी धरून घरी आणलं.

सुलभाला त्या यंत्राकडून एकच अपेक्षा होती. मामीच्या मुलीचं, वैशालीचं, लग्न वैशाखाच्या शेवटी होतं. मामी म्हणाली होती, "रुखवताचे आणि पंगतीचे पापड तुझेच. किती ते मी फोन करून सांगते." सुलभाला माहेरून आलेली ही पहिली ऑर्डर. तो मांडव म्हणजे सगळं पेण जमणार. "मामीचा फोन तेवढा चुकायला नको," सुलभा मला बजावून म्हणाली. "रुखवतात माझे पापड नसले तर मी त्या मांडवात उभी कशी राहू?"

"यंत्र आहे," मी म्हणालो. "आता फोन चुकणं शक्यच नाही."

पहिली सूचना मी फार मायेने तयार केली होती. 'नमस्कार. आमच्या दूरध्वनीला यंत्र जोडले आहे. आम्ही पापडांच्या कामात आहोत. कृपया टूं वाजल्यावर बोलावे. आपले आभारी आहोत.' प्रत्येक वाक्यानंतर मी थोडा थांबलो होतो. कंपनीत लाउडस्पीकरवर बोलायचं शिक्षण मला मिळालं होतं: एक वाक्य बोला, थांबा, ऐकणाऱ्याला पचू द्या.

नजीरने ऐकलं आणि म्हणाला, "छान आहे. गाडी किती उशिरा येणार तेवढं राहिलं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही मोठ्या उत्सुकतेने टेप लावली. पहिला निरोप असा होता: "...बरं, ठेवते." दुसरा: "...आणि जाड नकोत हं. ठेवतो." तिसरा: "हॅलो? हॅलो? अगो, हा तर गप्पच झाला."

लोक टूं वाजायच्या आधीच सगळं बोलून मोकळे होत होते. टेपवर फक्त शेपट्या येत होत्या.

इथे एखाद्या शहाण्या माणसाने ते यंत्र परत केलं असतं. मी सूचना वाढवली.

कोण बोलतंय ते कळत नव्हतं, म्हणून मी घातलं, 'आपण कोण बोलत आहात, हे स्पष्ट सांगावे.' नागोठण्याच्या एका बाईंचं बोलणं इतकं भरभर होतं की त्यांना पापड हवेत की त्या पापड विकतायत ते कळेना. म्हणून 'घाईने बोलू नये'. कासूच्या एका काकूंनी टूं वाजल्यावर सुलभाची, माझी, माझ्या आईच्या गुडघ्यांची आणि आमच्या जुन्या भाडेकरूंची चौकशी केली, आणि पापडांचं सुरू करणार तोच वेळ संपून यंत्राने फोन तोडला. म्हणून 'अनावश्यक चौकशी टाळावी'. कोणीतरी नुसताच श्वास सोडून फोन ठेवायचा. म्हणून 'पापड हवे असल्यास किती, ते सांगावे. नको असल्यास फोन ठेवावा.'

प्रत्येक वाक्याला कारण होतं. आजही तुम्ही मला त्यातलं कुठलंही वाक्य विचारा, मी कारण सांगेन.

पण सूचनेसाठी जी टेप होती ती अगदी तोकडी. एवढं सगळं तिच्यात मावेना. मग मी काटछाट केली. आधी सगळे 'कृपया' काढले. मग 'आभारी आहोत' काढलं. तरी मावेना, तेव्हा पापडांच्या कामाचं आणि 'आमच्या दूरध्वनीला यंत्र जोडले आहे' ही वाक्यं काढली, आणि 'टूं वाजल्यावर बोलावे' अगदी शेवटी नेलं. म्हटलं, यंत्र आहे हे काय, ऐकणाऱ्याला कळेलच. वाक्यांमधलं थांबणं मात्र मी काढलं नाही. ऐकणाऱ्याला पचायला वेळ नको?

सुलभाने ती शेवटची सूचना हातातलं लाटणं थांबवून ऐकली.

"अहो, हे जरा... कडक नाही का वाटत?"

"स्पष्ट आहे," मी म्हणालो.

नजीरच्या आईने पापडांसाठी फोन केला आणि काही न बोलताच ठेवला. नजीर मला कंपनीत म्हणाला, "अम्मी विचारत होती, दिनकर पोलिसात लागला का?" मला वाटलं, आवाजात दम आलाय असं त्याला म्हणायचंय. मी घरी येऊन सुलभाला ते अभिमानाने सांगितलंसुद्धा.

त्यानंतर टेप रिकामी यायला लागली. रोज संध्याकाळी आम्ही बटण दाबायचो आणि यंत्र आम्हाला नुसतं 'ऊंऽऽ' ऐकवायचं. "सीझन उतरला," असं माझं निदान. सुलभा गच्चीवर जाऊन वाळलेले पापड मोजायच्या निमित्ताने रस्त्याकडे बघत उभी राहायची.

मामीचा फोन आला नाही. एवढंच नाही, तर मीठही आलं नाही. मामाचं पेणच्या खाडीला मिठागर. दर उन्हाळ्यात नवं खडेमीठ भरलेली गोणी कोणा ना कोणाबरोबर गाडीने आमच्याकडे यायची. "बाजारातलं मीठ खारट लागत नाय," असं मामीचं मत होतं. आमच्या लग्नानंतर एकही उन्हाळा गोणीशिवाय गेला नव्हता. त्या वर्षी बरणी तळाला लागली तरी गोणीचा पत्ता नाही.

मामीकडे स्वतःचा फोन नव्हता. ती एसटी स्टँडाजवळच्या बूथवरून बोलायची. सुलभाने त्या बूथवर फोन लावला. बूथवाला म्हणाला, "बोलवून आणतो, ताई." थोड्या वेळाने परत येऊन म्हणाला, "येत नाय म्हणाल्या."

"बरं नाही का तिला?"

"चांगल्या हायेत की. मासळीवालीशी भांडत व्हत्या."

सुलभा फोन ठेवून माझ्याकडे वळली. "तिचा फोन येऊन गेला असेल का हो?"

"टेपवर नाही म्हणजे आलाच नाही," मी म्हणालो. "माणूस विसरेल. यंत्र विसरत नाही."

"मग काय झालं? मी काय केलं?" असं म्हणून ती पुन्हा लाटायला बसली, पण त्या दिवशीचे पापड एक गोल तर एक रायगड जिल्ह्याच्या नकाशासारखा. मला फार वाईट वाटलं. मी तिला म्हणालो, "उद्या आपण पेणला जाऊ. मी स्वतः मामींशी बोलतो." (मी स्वतः बोललो की प्रश्न सुटतात, असं मला त्या काळी वाटायचं.)

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीने पेणला उतरलो. मामी अंगणात मिरच्या पसरत होती. सुलभाला पाहून तिचा चेहरा उजळला, मागे मी दिसलो तसा विझला. पदर खोचून ती दारात आडवी उभी राहिली आणि माझ्याकडे बघून संथपणे म्हणाली,

"आपण कोण बोलत आहात, हे स्पष्ट सांगावे."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"मामी, अहो मी—"

"घाईने बोलू नये."

"मामी, तुमची तब्येत—"

"अनावश्यक चौकशी टाळावी." मग आत वळून ती मामाला म्हणाली, "अवो, जावयबापू आल्यात. पाणी हवं असल्यास किती, ते इचारा. नको असल्यास जातील."

सुलभाने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. मलाही कळलं होतं. फक्त जमिनीला काही कळत नव्हतं, नाहीतर ती दुभंगली असती.

मग मामीने घडलेलं सांगितलं, दोन्ही आवाज काढून. तिने फोन लावला. मी नमस्कार म्हणालो. तिने विचारलं, "नमस्कार जावयबापू, बरं हाय ना सगळं?" तर मी म्हणालो, कोण बोलताय ते स्पष्ट सांगा. "अवो मी, मामी. पेणची." तर मी म्हणालो, घाईने बोलू नये. "म्हटलं, फोन नीट नसंल. मी हळू बोलले. मा-मी. पे-ण-ची. जेवलात काय? तर म्हणतो, अनावश्यक चौकशी टाळावी!" त्यावर ती गप्प झाली, तेव्हा मी म्हणालो, पापड हवे असल्यास किती ते सांगा, नको असल्यास फोन ठेवा.

"मग मी ठेवला," मामी म्हणाली. "सांगितलेलं मी ऐकते."

मी मध्ये मध्ये सोडलेल्या त्या पचायच्या जागांत मामी नेमकी जाऊन बसली होती.

"मामी, ते मी नव्हतो. ते यंत्र होतं."

"आवाज तुमचा व्हता."

"आवाज माझाच, पण मी नव्हतो. मी गच्चीवर कावळे हाकत होतो."

मामीने मामाकडे पाहिलं. मामा माझ्याकडे दयेने बघत होता. नवरे काय काय कारणं सांगतात हे त्याने आयुष्यभर पाहिलं असावं, पण हे त्यालाही नवं होतं.

"पुरावा देतो," मी म्हणालो. "चला बूथवर."

बूथची काचेची खोली एका माणसाची. तिच्यात मामी, सुलभा आणि मी असे तिघं शिरलो. मामा बाहेरून काचेला नाक लावून उभा राहिला. एसटीची वाट बघणारी माणसं त्याच्या मागे येऊन उभी राहिली. मी रोह्याचा, माझ्याच घरचा नंबर लावला आणि रिसीव्हर मामीच्या कानाला लावला. मामीने खबरदारी म्हणून मोकळ्या हाताची दोन बोटं माझ्या ओठांवर दाबून धरली. बोटांना मिरच्या लागलेल्या होत्या.

'नमस्कार,' मी तिकडून म्हणालो.

मामी दचकली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. तोंड बंद होतं, फक्त आग होत होती.

'आपण कोण बोलत आहात...'

"हो गो," मामी सुलभाला कुजबुजली, "हा तिकडं बी हाय." तिने सगळं शेवटपर्यंत ऐकलं. टूं वाजल्यावर तिने रिसीव्हर कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं, मग अलगद जागेवर ठेवला आणि माझ्या ओठांवरची बोटं काढली. मला वाटलं, सुटलो.

"मशीन हाय," मामी म्हणाली. "पटलं. पण मग ते आधी सांगायला नको? मी मशीन हाय म्हणून?"

"ते वाक्य होतं," मी डोळे पुसत म्हणालो. (मिरच्यांमुळे.) "जागा नव्हती म्हणून काढलं."

"काय काय काढलंत?"

"ते. आणि 'कृपया'. आणि 'आभारी आहोत'."

"म्हंजी माणसाचं तेवढं काढलंत आणि पोलिसाचं ठेवलंत."

काचेच्या बाहेरून कोणीतरी हसलं. मामासुद्धा असावा. मी म्हणालो, "मामी, चूक माझी आहे. सुलभाची नाही. तिची ऑर्डर तेवढी..."

"दुसरीकडं दिलीस का गं?" सुलभाने एकदम विचारलं.

मामी तिच्याकडे बघत राहिली. "येडी हायस काय? तुझ्याबिगर पापड मांडले असते तर रुखवत चाटायचंय का मना? मी तुझी वाट बघत व्हते. तू येशील, नवऱ्याला दोन शब्द सुनावशील आणि मना इचारशील, मामी, किती पायजेत?"

"मग सांग ना. किती पाहिजेत?"

"आधी सांग, जेवलीस का?"

आणि त्या एकाच माणसाच्या खोलीत दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मधे मी होतो. बाहेर निघायला जागा नव्हती.

लग्नात रुखवताच्या मधोमध सुलभाच्या पापडांची उतरंड उभी होती आणि लोक ती बघायला वाकत होते. त्या मानाने माझ्याकडेही बरेच लोक आले. मामीने हकिकत मांडवात सगळ्यांना दोन्ही आवाज काढून सांगितली होती. पंगतीत वाढणारा पोरगा माझ्या पानासमोर थांबून म्हणाला, "भात हवा असल्यास किती, ते सांगावे." मी म्हणालो, कृपया थोडा. सगळी पंगत हसली आणि मला भाताचा डोंगर मिळाला.

लग्न पार पडल्यावर मामी रोह्याला आली, मिठाची गोणी मामाच्या डोक्यावर देऊन. गोणी ठेवायच्या आधीच म्हणाली, "ती मशीन कुठं हाय?"

टेप तोकडी आहे हे मी तिला समजावून सांगत होतो, तेवढ्यात पापड न्यायला आलेल्या नजीरने यंत्र उचलून उलटं केलं. पोटाखाली एक छोटा खटका होता. तो सरकवला की सूचनाही लांब करता येत होती आणि निरोपही. मी त्याचं पुस्तक दोनदा वाचलं होतं. यंत्र उलटं करून पाहावं, अशी सूचना त्यात नव्हती.

मामी यंत्रासमोर मांडी घालून बसली आणि एका दमात बोलली.

"कोण गो? मी सुलभाची मामी, पण मी हितं नाय, ही मशीन हाय. सुलभाचे हात पिठात हायेत. तू बरी हायस ना? घरात सगळी बरी? ... बरं. आता ही टूं करील, दचकू नको. मग तुझं नाव सांग, गाव सांग, पापड किती पायजेत ते सांग. घाई नाय."

पहिल्याच संध्याकाळी टेप भरून आली. लोक नाव सांगत होते, गाव सांगत होते, पापड सांगत होते. कासूच्या काकू म्हणाल्या, "दचकले नाय गो मामी." नजीरच्या अम्मीने ऑर्डर दिली आणि वर तिच्या वाळवणाची कृती सांगितली. पाऊस जवळ आला तरी फोन थांबेनात. सुलभाने आणखी दोन बायका मदतीला घेतल्या आणि मोरीतली आणि फ्रीजवरची पाटी मी आपण होऊन काढून टाकली.

मग एक दिवस मी एकटाच घरात होतो. फोन वाजला. मला वाटलं, एवढं सगळं झालं, आता माझ्या तोंडून दोन गोड शब्द लोकांच्या कानावर पडायला हवेत. मी यंत्राच्या आधी धावत जाऊन रिसीव्हर उचलला आणि जमेल तितक्या मऊ आवाजात म्हणालो, "नमस्कार. कसे आहात? जेवलात का?"

पलीकडे कोलाडच्या कोणी बाई होत्या.

"अगो बाई, तुम्ही होय," त्या म्हणाल्या. "तुम्ही ठेवा बघू. मी परत लावते. या वेळी उचलू नका."